चित्रातील रिकामे स्टूल

गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, कामापुरता ऑर्गनही वाजवू लागलो. कात्री आणि डिंक मात्र अभ्यासक्रमात कधी नव्हते. तरीही गेल्या नाताळापूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गातील नऊ मुलांसह आम्ही तीन मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करावयास बसलो. विषय होता 'सायलेंट नाइट' या गीताचा जन्म.

तंत्र साधे होते. कार्डपेपरची माणसे कापायची, हातपाय दोऱ्याने जोडायचे, वर मोबाइल टांगायचा, बाहुली केसभर हलवायची आणि छायाचित्र घ्यायचे. सेकंदाला बारा छायाचित्रे, म्हणजे तीन मिनिटांना २१६०! ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा लावण्याची सोय नव्हती, कारण वाऱ्याने अख्खे गाव उडून जाई. एकदा दोन तासांच्या श्रमांनंतर पाहिले, तर प्रत्येक चित्रात आमच्या झग्याची बाही! मुले पोट धरून हसली.

कथा आम्ही सांगितली ती अशी. ऑस्ट्रियातील तरुण धर्मगुरू जोसेफ मोर यांनी १८१६ साली एक कविता लिहिली. पुढे ओबर्नडॉर्फ येथे असताना त्यांनी ती शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर यांना दिली. ग्रुबर यांनी चाल बांधली आणि १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला दोघांनी ते गीत गिटारच्या साथीने गायिले.

"फादर, मोर लहानपणी कोणाकडे राहत होते?" बारा वर्षांच्या एका अबोल मुलाने विचारले.

"ते आपल्या चित्रपटात नको. वेळ पुरायचा नाही," आम्ही म्हणालो.

हे खरे कारण नव्हते. मोर यांचा जन्म १७९२ साली साल्झबर्ग येथे एका अविवाहित मातेच्या पोटी झाला. वडील शिपाई होते, ते सैन्यातून पळून गेले. आईने विणकाम करून मुलांना वाढविले. अशा जन्मामुळे मोर यांना गुरुदीक्षेसाठी खास परवानगी घ्यावी लागली होती. आणि आम्हांला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचे वडीलही त्याच्या जन्मापूर्वीच निघून गेले होते. सारा गाव हे जाणतो, म्हणून कोणी बोलत नाही.

त्या रात्री प्रार्थनेच्या पुस्तकात आमचे मन लागेना. आपण नेमके कोणाला जपत होतो? त्या मुलाला, की स्वतःच्या संकोचाला? दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना मोर यांचे बालपण सांगितले आणि आदल्या दिवशी ते लपविल्याबद्दल क्षमाही मागितली. त्या मुलाने काही म्हटले नाही. कात्री घेतली आणि विणकाम करणारी एक आई कापली. तिच्या शेजारी त्याने एक स्टूल ठेवले, रिकामे.

"यात काय हलणार?" एका मुलीने विचारले.

"फक्त तिच्या सुया," तो म्हणाला.

त्या तीन सेकंदांसाठी त्याने छत्तीस छायाचित्रे एकट्याने घेतली. स्टूल जागचे हलले नाही. शेवटी उपदेशाची चार वाक्ये झळकावीत असा आमचा मानस होता. ती आम्ही गाळली.

चोवीस डिसेंबरला, मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वी, सभागृहात चित्रपट दाखविला. त्या मुलाची आई नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर होती. मिस्सा संपल्यावर मात्र ती लेकाचा हात धरून सर्वांदेखत पुढे गव्हाणीपाशी आली आणि बराच वेळ उभी राहिली. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहोत.

वाचकहो, पवित्र मरिया जेव्हा गर्भवती आढळली, तेव्हा योसेफाला तिच्याविषयी निर्णय घ्यावा लागला होता. शुभवर्तमानकाराने ते लपविले नाही. सभ्यतेच्या नावाखाली आम्ही धर्मगुरू मात्र किती घरांतील रिकामी स्टुले झाकून ठेवतो! शांत रात्रीचे गीत आम्ही गेली पन्नास वर्षे गात आलो. शांतता आणि मौन यांतला भेद आम्हांला एका बारा वर्षांच्या मुलाने शिकविला.