पदवी कुणाची, तास किती

पुण्यातून मानसशास्त्रात एम.ए. केलं, शाळेत समुपदेशक म्हणून काम केलं आणि लग्नानंतर ओहायोतल्या कोलंबसला आले. पदवीचं मूल्यांकन करून घेतलं. ती इथल्या मास्टर्सच्या बरोबरीची ठरली. परवान्यासाठी मात्र ती उपयोगी पडली नाही. ओहायोत २०१८ पासून नव्यानं समुपदेशकाचा परवाना मागणाऱ्याची पदवी ‘केक्रेप’नं मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमाचीच लागते. १९८१ साली स्थापन झालेली ही संस्था अख्ख्या विद्यापीठाला नव्हे, त्यातल्या एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देते.

मग पुन्हा वर्गात बसले. ६० क्रेडिट्स, त्यासाठी कर्ज. संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती पुण्यात शिकून झाल्या होत्या; त्यांचीच फी पुन्हा भरताना जीव तुटायचा.

प्रॅक्टिकम सुरू झाल्यावर मात्र या नियमामागचा विचार पटला. १०० तास, त्यांतले किमान ४० प्रत्यक्ष माणसांसमोर. पुढे इंटर्नशिपचे ६००, त्यांतले २४० प्रत्यक्ष. संमती घेऊन ध्वनिमुद्रित केलेलं सत्र पर्यवेक्षक बाई माझ्याबरोबर ऐकायच्या. एका तरुणानं बोलता बोलता ‘आई बरी आहे’ असं तिसऱ्यांदा म्हटलं, तिथं त्यांनी ध्वनिमुद्रण थांबवलं आणि विचारलं, “इथं तू काय ऐकलंस?” त्या एका वाक्यावर आम्ही बराच वेळ बोललो. पुण्यात सिद्धान्त उत्तम शिकवले गेले, पण माझं काम असं शेजारी बसून कुणी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकाची पाटी मात्र चार शनिवार-रविवारच्या वर्गांवरही लागते. दुखावलेलं माणूस त्या पाटीवर विश्वास ठेवून आत येतं, याची मला फार काळजी वाटते.

म्हणून तासांची अट मला हवीच आहे. माझा आक्षेप आहे तो कुणी काय शिकलं हे न पाहता केवळ मान्यतेवरून अर्ज बाद करण्याला. कोलंबसचंच पाहा: इथं नेपाळी बोलणारी भूतानी निर्वासित कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांतले एक आजोबा फोनवरच्या दुभाष्यामार्फत झोपेच्या तक्रारीच सांगत राहिले. मी हिंदीत बोलू लागल्यावर थेट निर्वासित छावणीतल्या वर्षांबद्दल सांगू लागले. काठमांडूत शिकलेली एखादी समुपदेशक त्यांच्याच भाषेत ऐकू शकली असती. तिची गुणपत्रिका विषयवार तपासावी, उणं असेल तेवढंच शिकायला लावावं आणि पर्यवेक्षणाखालचे तास मात्र पूर्ण करून घ्यावेत.

मी आता पहिल्या टप्प्याचा परवाना घेऊन काम करते. स्वतंत्र परवान्यासाठी पर्यवेक्षणाखालचे ३००० तास भरते आहे. पुण्या-नाशिकच्या मुली प्रवेशाबद्दल फोन करतात. त्यांना मी सांगते, ज्या राज्यात राहायचंय तिथला नियम आधी वाचा, अभ्यासक्रम मान्यतेच्या यादीत आहे का ते पाहा आणि मगच फी भरा.