अर्धवट ओळख

फोनच्या ब्लूटूथ यादीत लॅपटॉपचं नाव आहे, लॅपटॉपच्या यादीत फोनचं. जोडायला गेलं की क्षणभर चाक फिरतं आणि सगळं गप्प. सरळ नकार परवडला असता. ही अर्धवट ओळख जास्त छळते.

लॅपटॉपवर लिनक्स आहे. आरएफकिल ही आज्ञा चालवून पाहिली, ब्लूटूथचा रेडिओ बंद नव्हता. मग टर्मिनलमध्ये ब्लूटूथसीटीएल उघडलं. फोनच्या पत्त्याखाली ‘पेअर्ड: येस’, ‘कनेक्टेड: नो’. लिनक्सचं हे मला आवडतं; गोड बोलत नाही, पण लपवतही नाही.

याच लॅपटॉपवर विंडोजही आहे. पहिल्या जोडणीत दोन्ही यंत्रं मिळून 128 बिटांची एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्याकडे जपतात. परवा भाच्याने विंडोजमधून फोन जोडला. रेडिओ तोच, पत्ता तोच. फोनने जुनी किल्ली टाकून नवी ठेवली. लिनक्स बिचारा जुनीच घेऊन दारात उभा.

माझ्या फोनमध्येही अशी नावं आहेत. नंबर जपलेला, बोलणं कधीच थांबलेलं. कुणाकडची किल्ली बदलली, कोण जाणे. एकाला फोन लावावासा वाटला. लावला नाही.

दोन्हीकडची नोंद पुसून पुन्हा जोडलं. दोन्ही पडद्यांवर तेच सहा अंक उमटले. गरज नसताना मी एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहिला, मग दोन्हीकडे ‘हो’ दाबलं.

आता विंडोजची किल्ली जुनी झाली. लिनक्सची नवी किल्ली हाताने तिकडे उतरवून दोन्हीकडे सारखी ठेवता येते. रविवारी बघू.