चाकावरची मोकळी जागा

बोलेरोच्या टायरच्या कडेला 215/75 R15 असं उठवलेलं असतं. मोठे टायर टाकायचं मनात आलं तेव्हा ते मी पहिल्यांदा नीट वाचलं आणि चक्रावलो. 215 मिलिमीटरमध्ये, शेवटचे 15 इंचांत, आणि मधले 75 म्हणजे टक्के! रुंदी 215 मिलिमीटर, रुंदीच्या 75 टक्के कडेची उंची, आत 15 इंची डिस्क. वहीत मांडलं तेव्हा अख्ख्या चाकाची उंची 703.5 मिलिमीटर निघाली. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा राहिला.

मोठे टायर हवे होते ते दिसण्यासाठी नव्हे. गेवराई तालुक्याच्या उत्तर अंगाला गोदावरी आहे आणि राक्षसभुवनच्या बाजूला आमचं शेत. काळी, खोल जमीन. ऊस निघायला लागला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या पाणंदीत खोल चाकोऱ्या पाडतात, आणि पाऊस पडला की त्या आणखी खचतात. ट्रॅक्टरचं मागचं चाक पुरुषभर, त्याला फरक पडत नाही. बोलेरो मात्र चाकोरीत उतरली की मधला उंचवटा मागच्या अॅक्सलच्या गोळ्याला घासतो. घरात आजारी माणूस असताना रात्री त्या वाटेने यायचं म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो.

सल्ले तीन दिशांनी आले. भाचा म्हणाला, "मामा, एकतीसचे टाका, चिखलाचं नावच काढू नका." टायरवाला म्हणाला, "दादा, 235 बसतात, बरेच जण टाकतात." तिसऱ्याने सांगितलं, आधी लिफ्ट किट टाकून गाडी उचला, त्याशिवाय मोठ्या टायरचा विचारही नको. तिघंही ठामपणे बोलत होते. नवख्या माणसाने कुणाचं ऐकावं?

उत्तर दिलं ते महामार्गावरच्या एका वयस्कर मेस्तरींनी. गाडी उचलायची नाही, असं मी म्हणताच त्यांनी मला खाली वाकायला लावलं. "मालक, लिफ्ट केली तर बॉडी वर जाईल. गोळा हाय तिथंच राहील." बोलेरोचा मागचा अॅक्सल अखंड आहे, तो चाकांना जोडलेला, आणि पाट्यांवर तोललेली असते ती बॉडी. पाटे उंच केले तर बॉडी वर जाते. अॅक्सलचा गोळा जमिनीपासून वर न्यायचा तर चाकच मोठं हवं. लिफ्टने मिळते ती मोठं चाक सामावायला जागा. ही एक गोष्ट कळली आणि अर्धा गोंधळ संपला.

मग पुन्हा वही. 235/75 R15 ची उंची 733.5 मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा 30 मिलिमीटर जास्त. पण गोळा वर जातो त्याच्या निम्मा, 15 मिलिमीटर. इतका खर्च करून दीड सेंटीमीटर! भाच्याचा एकतीस इंची, म्हणजे 31×10.50 R15, साधारण 787 मिलिमीटरचा. त्यात गोळा 42 मिलिमीटर वर जातो, हे मोहात पाडणारं होतं. मात्र तो टायर 267 मिलिमीटर रुंद आणि त्याला किमान सात इंच रुंदीची डिस्क लागते. माझ्या डिस्कवर 6J लिहिलेलं, म्हणजे सहा इंची. डिस्क बदलायची, मडगार्ड कापायचं आणि वर गाडीही उचलायची. एकतीसचा विषय तिथेच संपला.

235 बसतो की नाही, हे मेस्तरींनी तोंडी सांगितलं नाही, करून दाखवलं. ओळखीच्या एकाकडून त्या मापाची स्टेपनी आणली आणि पुढच्या डाव्या बाजूला बसवली. मडगार्डच्या आत, जिथे चाक घासू शकतं तिथे, ओल्या मातीचे गोळे थापले. मग ते चाक ओट्यावर चढवलं आणि मागे माणसं बसवली. चाक वर दबलं की स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. सपाट जागी उभ्या गाडीत बोटं घालून पाहिलेली फट काही सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. खड्ड्यात चाक वर येतं, वळणावर तिरकं होतं, आणि पाटे-स्प्रिंग जुने असतील तर गाडी आधीच खाली बसलेली असते. चाकावरची जागा रिकामी दिसते, पण ती राखलेली असते. आतल्या मातीच्या गोळ्यांना टायर लागला नाही. मागचा मडफ्लॅप तेवढा कोपऱ्याला घासत होता, तो थोडा मागे घेतला.

त्यानंतर कागदपत्रं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल गाडीत परस्पर करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका पक्की केली. म्हणून विमा कंपनीला आधी लेखी विचारलं आणि होकार आल्यावरच पैसे मोजले. टायरवरचा भाराचा आकडाही पाहायला शिकलो: 97 म्हणजे एका टायरवर 730 किलो, 105 म्हणजे 925 किलो. तो मूळ टायरपेक्षा कमी चालत नाही. पाचही टायर एकाच मापाचे घेतले. स्टेपनी मागच्या दारावर असते, तिचं वजन वाढल्यावर बिजागऱ्याही तपासून घेतल्या.

महामार्गावर पहिला फरक काट्यात जाणवला. चाकाचा घेर सव्वाचार टक्क्यांनी वाढला. म्हणजे मूळ टायरवर काटा बरोबर असेल, तर तो 80 दाखवताना गाडी 83 च्या पुढे असते. 1000 किलोमीटर दाखवले तर चाललेले असतात 1043. डिझेलचा हिशेब मांडताना हे धरावं लागतं, आणि चढावर गाडी थोडी जड ओढते, गिअर लवकर उतरवावा लागतो. ब्रेकही जरा आधी दाबायची सवय केली.

खरी परीक्षा मृगाच्या पावसात झाली. कोरड्या चाकोरीत गोळा आता क्वचित घासतो, ते दीड सेंटीमीटर कामी आले. ओल्या काळ्या मातीत मात्र चित्र निराळं. ती माती टायरच्या खाचांत भरते, थरावर थर चढतो आणि चाक फिरता फिरता मडगार्डपर्यंत पोचतं. पूर्वी हा लपेटा बसायला वेळ लागायचा, आता फट कमी झाल्याने तो लवकर बसतो. बांधावर गाडी थांबवून खुरप्याने चिखल काढावा लागतो. मेस्तरींनी राखलेली म्हटलेली जागा मातीलाही लागते, हे तिथे कळलं. आमच्या भागातली जुनी बैलगाडी उंच आणि अरुंद चाकाची का होती, तेही खुरपं हातात असताना उमगलं. अरुंद चाक चिखल कापून खालच्या घट्ट थरावर टेकतं. रुंद टायर वाळूत तरंगतो, पण आमच्याकडे वाळू नदीच्या पात्रात, शेतात नाही.

गाडी न उचलता बोलेरोला 235/75 R15 बसतो, माझ्या गाडीला बसला. काळ्या रानात त्याच्या पुढे जाऊ नका. आणि पाच टायरचे पैसे देण्याआधी एकच टायर मागून आणा, चाक ओट्यावर चढवा, गाडीत माणसं बसवा आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. जो दुकानदार एवढं करू देणार नाही, त्याच्याकडून टायर घेऊ नका.