जेकार्डची उंची

सोलापुरात इंद्रभुवनाकडे मान वर करून बघणारा माणूस बहुधा पाहुणा असतो. गावकऱ्याच्या हातात घरपट्टीचं बिल नाहीतर कसलासा अर्ज असतो आणि त्याची नजर साहेब जागेवर आहेत का, एवढंच शोधत असते. अप्पासाहेब वारदांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हौसेनं उभारलेला हा वाडा. कमानी, घुमट, चुन्यातली नाजूक नक्षी. पुढे महापालिका तिथे आली आणि वाड्याची कचेरी झाली. याची मला फारशी हळहळ वाटत नाही. रोजच्या राबत्यातली वास्तू डोळ्यांना दिसेनाशी होते, पण निदान तिचं छप्पर तरी कुणीतरी शाकारतं.

बाकी शहरही असंच. बहमनी काळातल्या भुईकोट किल्ल्याच्या तटाशेजारून लोक सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातात, तटाकडे बघतात ते सावली कुठे आहे एवढ्यापुरतं. बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस. वेशी कधीच गेल्या, पण रिक्षावाला अजून बिनचूक वेशीतच सोडतो. आणि १८७७ साली सुरू झालेली मोरारजी गोकुळदासांची गिरणी बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी तो परिसर ‘जुनी मिल’च.

मला विचाराल तर सोलापूरची खरी वास्तुकला पूर्व भागात आहे, आणि तिथे कॅमेरा घेऊन कुणी जात नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. एरवी बोळाबोळांतून यंत्रमागांची खडखड आणि घराघरांतून तेलुगू. अनेक घरांत खाली कारखाना, वर संसार. बाहेरून बघितलं तर खालचा मजला उगाचच उंच वाटतो आणि वरचा मात्र ठेंगणा. असं का, हे आत गेल्यावरच कळतं. नक्षीची चादर विणायची तर मागाच्या डोक्यावर जेकार्ड बसवावा लागतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावरून फिरते. भोक असेल तिथला दोर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. मोराची मान कुठे वळायची ते असं ठरतं. या दोऱ्यांना खाली यायला पुरेशी उंची लागते, म्हणून छत वर. घराचं माप माणसावरून नव्हे, मागावरून घेतलेलं!

जेकार्डची ही युक्ती लिऑन शहरातल्या जाकारची, १८०४च्या सुमाराची. भोकांच्या पुठ्ठ्यांचीच कल्पना पुढे गणकयंत्रांपर्यंत गेली. सोलापुरातली कितीतरी पोरं आज पुण्यात संगणकाच्या नोकऱ्या करतात. घरी खालच्या मजल्यावर त्या संगणकाचा पूर्वज खडखडत होता, हे त्यांना कुणी सांगितलं असेलसं वाटत नाही.

एका दारात मी असाच वर बघत उभा होतो.

“काय बघायलाव मालक?” आतून प्रश्न आला.

“छत.”

घरमालक हसले. माग त्यांनी भंगारात काढले होते. आता तिथे शाळेच्या गणवेशांची शिलाई चालते. शिवणयंत्राला कसली उंची लागते? त्यांनी मध्येच लोखंडी पोटमाळा टाकून कापडाचे तागे तिथे चढवले होते.

“वर लई जागा वाया चालली होती,” ते म्हणाले.