कौलं उडाली तेव्हा

3 जून 2020. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं आत घुसलं आणि दुपारी तळ्यातल्या आमच्या घरावरची कौलं उडाली. आई पवित्र शास्त्र पोटाशी धरून कोपऱ्यात बसलेली. मी ओरडलो, "आये, ते ऱ्हाऊ दे, तांदळाचा डबा उचल!" ती हलली नाही. तांदूळ भिजले.

आदल्याच वर्षी बाबा गेले होते. आता छप्परही गेलं. वाडीत ख्रिस्ती घर आमचं एकच. त्या रात्री मी प्रार्थनेला बसलो नाही. पुढं कित्येक दिवस बसलो नाही. वीज नव्हती. आई कंदिलाच्या उजेडात एकटीच ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची.

एकदा मी चिडून विचारलं, "एवढं होऊनही तुझा विश्वास कसा टिकतो गं?"

ती म्हणाली, "लक्ष्मीबाईंचं ठाऊक हाय ना? 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या माउलीनं किती आकांत केला! चार-पाच वर्षं नवऱ्यापासून लांब राह्यली. मग 1900 साली स्वतःच पाण्यात उतरली. देवाला घाई नसते. तू रुस हवा तेवढा."

शेजारच्या तात्यांनी त्यांची एकुलती ताडपत्री आमच्या घरावर टाकली होती. आई रोज आधी त्यांच्या बागेसाठी मागायची, मग आमच्या छपरासाठी. तात्यांच्या पोफळी आडव्या झालेल्या.

एका संध्याकाळी मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तोंडातून शब्द फुटला नाही. आईनं कंदील फक्त माझ्या बाजूला सरकवला.