हातचा न लागणारी संख्या

चौकटींची वही घ्यायची आणि १११११११११ला त्याच संख्येने गुणायला बसायचं. पाढ्यातलं ‘एके एक’ सोडून काही लागत नाही. एकांच्या नऊ ओळी होतात, प्रत्येक आधीच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकलेली. मग बेरीज. उजव्या टोकाला एकटा एक, शेजारच्या घरात दोन, पुढे तीन. मधोमध नऊ, आणि तिथून पुन्हा उतरत उतरत एक. १२३४५६७८९८७६५४३२१. शाळेत असताना हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं होतं. आजही मन थाऱ्यावर नसलं की मी तीच नऊ ओळींची मांडणी करते.

अशा संख्यांच्या घराण्याला ‘डेम्लो’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे हे मास्तर जगाला ६१७४मुळे ठाऊक आहेत. माझा जीव मात्र त्यांच्या डेम्लो संख्यांवर. जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, त्यांना ही कल्पना सुचली. डोंबिवलीहून देवळालीला जाताना कसारा घाट लागतो. ही संख्या वाचताना मला तो घाट हटकून आठवतो.

सतरा अंकांची ही संख्या. ‘लीलावती’तल्या स्थाननामांत सतराव्या घराला ‘मध्य’ म्हणतात; पुढचं घर परार्धाचं. अंकांची बेरीज ८१, नवाचा वर्ग. आत डोकावलं तर तीनच मूळ संख्या भेटतात: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. एवढ्यावरून तिचे विभाजक होतात ४५, आणि एक ते नऊची बेरीजही ४५च. हा योगायोगच आहे, तरी सुखावतो.

पण ही चढण-उतरण इतकी नितळ का? कारण कुठल्याच घरात हातचा लागत नाही. प्रत्येक उभी ओळ आपल्यातले एक मोजते आणि तो आकडा तिथेच मांडते, शेजाऱ्याकडे काही सरकवत नाही. नवापर्यंत हे चालतं. दहावा एक जोडला की मधल्या घरात दहा होतात. शून्य मांडून हातचा एक डावीकडे जातो, तिथल्या नवाचेही दहा करतो, पुन्हा हातचा, आणि त्यापुढच्या आठाचा नऊ होतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१.

चढणीवरचा आठ गेला.

एकाला एक्याऐंशीने भागलं तरी हेच. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा भागाकार फिरत राहतो, त्यातही आठ नाही, आणि कारणही तेच, दहाशी आलेला हातचा. १२३४५६७९ला नवाने गुणलं की आपल्या नऊ एकांची ओळ परत हाती येते, म्हणजे आठ हरवलेली ही संख्या आपल्या घाटाच्या मुळाशीच बसलेली.

माझ्या वहीत दहा ओळींचं ते उत्तरही आहे. त्यातल्या सात आणि नऊच्या मध्ये पेन्सिलीने एक बारीक टिंब काढून ठेवलं आहे.