सांगून तर बघा!

"ओळखीनं नोकरी? छे बाई, वशिला लावल्यासारखं वाटतं!" मैत्रिणींनो, तुम्हालाही असंच वाटतं ना? मलाही वाटायचं. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला. घराचा हप्ता, मुलीची फी, सासूबाईंची औषधं, सगळं आ वासून उभं. तरी मी काम शोधतेय हे सख्ख्या बहिणीखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं. ती म्हणाली, "बघते हं." पण बघणार कुठे बिचारी? तिच्या ओळखीची माणसं ती माझ्याच ओळखीची!

आमच्या देहूतले पुरुष पाहा. सकाळच्या पाळीला कंपनीची बस पकडतात, आणि चाकणला कुठे भरती आहे, तळवड्याला कोण माणसं घेतंय, ते उतरेपर्यंत सगळ्यांना ठाऊक! त्याला कुणी वशिला म्हणत नाही. आपलीही भिशी असते, भजनी मंडळ असतं. पण तिथं आपण मुलांचे मार्क सांगतो, लोणच्याचं प्रमाण सांगतो. आपल्याला काय हवंय ते तेवढं गिळून टाकतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीची चुलतजाऊ भेटली. आधी कधी दोनदा पाहिली असेल-नसेल. "घरीच असता का?" तिनं सहज विचारलं. मी नेहमीसारखी "हो" म्हणणार, तर तोंडून निघून गेलं, "मराठी घेऊन बी.ए. झालेय, अर्ध्या दिवसाचं काम मिळालं तर हवंय." वाण घेता घेता ती म्हणाली, "निगडीला माझ्या नणंदेच्या शाळेत मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाताहेत. जाऊन या की!"

एवढंच. तिनं शब्द टाकला नाही की चिठ्ठी दिली नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी मला सातवीच्या वर्गावर उभं केलं. माझे पाय लटपटत होते. दुसऱ्याला डावलून आत शिरणं हा वशिला. इथं मला फक्त दार कुठं आहे ते कळलं होतं.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली नेमकं हेच मांडलं. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात त्यानं चौकशी केली, तेव्हा ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शंभरात जेमतेम सतराजणांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून, नाहीतर क्वचितच भेटणाऱ्यांकडून! जवळच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं ना.

तसं ओळखीवाचूनही होतं म्हणा. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नयेत' असं वाचून सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरी मिळवली. पण तेवढी छाती कुणाची? हळदीकुंकवात बोलणं मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे.

सांगाल तेव्हा नेमकं सांगा. "काहीतरी काम बघा हो" म्हटलं तर ऐकणारी विसरून जाते. काय येतं, किती वेळ जमेल, कुठवर जाता येईल, हे सांगितलं की तिच्या लक्षात राहतं. आणि काम होवो न होवो, तिला कळवा.

एक ठेच मीही खाल्ली. शाळेत मदतनीस हवी होती, तेव्हा एका शेजारणीसाठी मी भरवसा दिला. ती आठ दिवसांत न सांगता बंद झाली, आणि महिनाभर मला ऑफिससमोरून जाताना मान खाली घालावी लागली. आता बातमी सगळ्यांना देते. भरवसा मात्र जिचं काम डोळ्यांनी पाहिलंय तिचाच.

रजेवरच्या बाई परतल्या, तरी आठवड्याचे बारा तास माझ्याकडे राहिले. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन मी त्या चुलतजावेकडे गेले. ती बघतच राहिली. "अहो, मी सांगितलं होतं? मला तर आठवतसुद्धा नाही!"